सुक्या मासळीचा वर्ग

३ मार्च, सोमवार

वहिनी,

नमस्कार-चमत्कार राहू दे, आधी डब्याचं सांगते. डबा पोचला. मासळी नेहमीसारखीच आहे, चांदीसारखी लखलखीत, वाळूचा कण नाही, एकाचंही पोट फुटलेलं नाही. पार्सलवाल्याने वासाचं कारण सांगून डबा घ्यायला नकार दिला, हे दादाने मला आधी कळवायला हवं होतं. मी कुणाला तरी पाठवलं असतं. दोन बस बदलून, एवढं ओझं घेऊन, तेही कामाच्या दिवशी, तू स्वतः यायची काय गरज होती?

शनिवारी आपलं नीट बोलणं झालं नाही. वर्ग ऐन रंगात होता, शेगड्या पेटलेल्या, सगळ्यांचं लक्ष माझ्या हातांकडे. मला वाटलं तू खाली थांबशील. आटोपून येऊन बघते तर तू गेलेली. चहा तरी घेऊन जायचंस.

मागच्या जिन्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या जिन्यावर त्या दिवशी सामान पडलं होतं.

वर्ग तू दारातूनच बघितलास, म्हणून सांगते. खाली भांड्यांचं दुकान आहे, वर आम्ही. मधोमध ते लांबलचक स्टीलचं टेबल, कडेने शेगड्या आणि धूर ओढणारा मोठा पंखा. वर्गाच्या मालकीणबाई तो पहिल्या मिनिटापासून लावून ठेवतात. त्यांना सुक्या मासळीचं नाव हवंय, वास नको. वर्गाला त्यांनी नाव दिलंय ‘देशोदेशीची सुकी मासळी’. दर शनिवारी एका देशाची तऱ्हा. शिकायला आलेत त्यांत एक बँकवाला आहे, तो नाक दाबून शिकतो. एक निवृत्त नर्स आहे. एक नवराबायको आहेत, ते मीठ किती यावरूनही भांडतात.

पहिल्या दिवशी मी पाणीदार रस्सा घेतला. डोकी आणि पोटातला काळा भाग काढायचा, कोरड्या तव्यावर मासळी जरा शेकायची, मग समुद्रातल्या वाळलेल्या शेवाळाच्या तुकड्याबरोबर पाण्यात सोडायची. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ. जास्त ठेवलं की कडू. चांगला झाला. बँकवाला नाकावरचा हात काढून दोन वाट्या प्यायला.

येत्या शनिवारी शेंगदाणे घालून कुरकुरीत तळायची आहे. डबा पुरेल असं वाटतं. दादाला सांग, फोन करीन.

बारकी

६ मार्च, गुरुवार

वहिनी,

काल फोन केला होता. दादाने उचलला. “वहिनी वाळवणावर आहे,” म्हणाला. आज सकाळी केला, तर पुन्हा वाळवणावर. दुपारी केला, तरी तेच. एवढी मासळी एकदम आली की काय तुमच्याकडे?

मग दादाच म्हणाला, “तिथं काय झालं गं? ती आल्यापासून गप्प आहे. विचारलं तर म्हणते, बारकीचा वर्ग छान आहे, मोठी मोठी माणसं येतात. एवढंच. आणि पुन्हा चटयांवरची मासळी उलटायला जाते.”

मी म्हटलं, “काही नाही रे. गर्दी होती, बोलायला मिळालं नाही.”

म्हणजे तू दादाला सांगितलं नाहीस. मला वाटलं होतं सांगशील. दादा चिडेल, फोनवर माझी खरडपट्टी काढेल, मी थोडी रडेन आणि विषय संपेल. तू तर माझी बाजू सांभाळून बसलीस.

पुढच्या जिन्यावर सामान नव्हतं, वहिनी.

बारकी

९ मार्च, रविवार

वहिनी,

काल दुसरा वर्ग झाला. तेल चांगलं तापवून मासळी थोडी थोडी सोडायची, सोनेरी झाली की लगेच काढायची, शेंगदाणे वेगळे तळायचे. मग मिरचीचं वाटण, चिंच आणि थोडा गूळ एकत्र आटवून त्यात दोन्ही घोळवायचं. गार झालं की कुरकुरीत होतं. नवराबायको पहिल्यांदा एकमताने म्हणाले की छान झालंय.

सगळे भांडी आवरत होते. मी उरलेली मासळी साफ करत बसले होते. नर्सबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या दिवशी डबा घेऊन आलेल्या बाई तुमच्या नात्यातल्या का हो?”

“का?” मी विचारलं.

“त्यांनी टेबलावरची एक मासळी उचलून साफ केली होती ना. अंगठ्याने असंच फिरवून डोकं, पोट सगळं एका झटक्यात. तुमचे दोघींचे हात एकसारखे चालतात.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. आणि मी काय बोलले असेन? “सगळेच असं करतात,” म्हणाले. “माल देणाऱ्यांकडूनच उचललं असेल.”

म्हणजे दुसऱ्यांदा. एकदा चुकून तोंडातून गेलं असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होते. दुसऱ्यांदा कुणी चुकत नाही. म्हणून आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. तू तिथे होतीस, तुला ठाऊक आहे, पण ते माझ्या हातून लिहिलं जायला हवं.

वर्ग सुरू होताना मालकीणबाईंनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, ह्या किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडल्यात, कितीतरी देशांतल्या स्वयंपाकघरांत राहून शिकल्यात. मी मान खाली घालून हसले. नाही म्हटलं नाही. लोक कौतुकाने बघत होते, ते मला गोड लागलं. त्या दिवशी सकाळी मी हात लिंबाने घासून घासून धुतले होते, मासळीचा वर्ग घ्यायला जाताना!

खरं काय ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी गेले कुठे? खलाशांच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात भांडी घासायला. तेही तू तिथे मासळी घालायचीस म्हणून मला घेतलं. देश माझ्याकडे चालत आले, बोटीतून उतरून. आणि त्यांच्याशी बोलायची हिंमत कुणी केली? मी तर चुलीमागे लपायचे. तू मागच्या दारात पाटी उतरवून बसायचीस आणि हातवारे करून विचारायचीस, “तुझी आई ह्याचं काय करते?” तो उंच खलाशी मग दाण्याचं कूट दाखवायचा. तो दात नसलेला म्हातारा खलाशी तव्यावर मिरच्या भाजून मासळीबरोबर कुटायला बसायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा, मिरचीनं की घरच्या आठवणीनं कोण जाणे. तू चाखायचीस आणि मला हाक मारायचीस, “बारके, इकडे ये, हे बघून ठेव.” मी बघून ठेवलं. देशोदेशी हिंडले ते एवढंच.

तर तू दारात आलीस. अंगावर वाळवणावरचेच कपडे, डोक्याला फडकं, कमरेवर डबा. मी कुणाला तरी सांगत होते की डोकं चाकूने कापून काढा, कारण चाकूने केलं की कसं, शिकल्यासारखं वाटतं. आणि तू हसून म्हणालीस, “अगं बारके, चाकू कशाला? हे बघ.” पुढे आलीस, एक मासळी उचललीस आणि करून दाखवलंस.

सगळे हसले. ‘बारके’ ऐकून हसले असतील, वाईट मनाने नव्हे. बँकवाल्याने विचारलं, “ह्या कोण?”

मी म्हणाले, “माल देणाऱ्या बाई आहेत.”

मग तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता बोलशील. तू माझी वेणी घातलीस, मला ताप आला तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलीस. आई गेली तेव्हा तू स्वतः नवी नवरी होतीस, आणि घरात आल्याआल्या तुझ्या पदरात माझ्यासारखी किरकिरी पोर पडली. यातलं एक वाक्य जरी बोलली असतीस तरी माझी खोड मोडली असती.

तू डबा खाली ठेवलास. हात पुसलेस. आणि म्हणालीस, “चुकलं हं बाई. तुम्ही शिकवा. डबा इथे ठेवलाय, बघून घ्या.”

मला ‘तुम्ही’ म्हणालीस. इतकं सहज, की कुणाला शंकाही आली नाही. मी एक खोटं बोलले आणि ते उघडं पडू नये म्हणून तू क्षणात त्यात सामील झालीस. मालकीणबाई म्हणाल्या, “माल मागच्या जिन्याने यायला हवा होता,” आणि तू “हो बाई” म्हणून मागच्या जिन्याने उतरून गेलीस.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आता कळतं. पण त्या वेळी काय वाटलं माहीत आहे? हायसं वाटलं. तू पुढे काही बोलली नाहीस म्हणून सुटले असं वाटलं. बाकी सगळ्याची माफी मागता येईल. त्या हायसं वाटण्याचं काय करू?

१६ मार्च, रविवार

वहिनी,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करू? तरी खालचा भांडीवाला पत्रं वर आणून देतो तेव्हा मान वर होतेच.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं चाललंय. डबा संपला. तुझ्याकडे मागायची लाज वाटली, म्हणून बाजारातून मासळी आणली. दिसायला बरी होती. कालचा वर्ग दाण्याच्या कुटाचा होता, त्या उंच खलाशाच्या पद्धतीचा. मासळी कोमट पाण्यात भिजवून धुवायची, कोरडी करून तळायची, कांदा-टोमॅटोत शिजवायची, हिरवा पाला टाकायचा आणि शेवटी दाण्याचं कूट सोडायचं. मी तीनदा धुतली. तरी प्रत्येक घासाला वाळू. वर ओली असतानाच गोळा केलेली असावी, आतून पिवळी आणि खवट. बँकवाल्याने घास कागदात काढून ठेवला. नवराबायको एकमेकांकडे बघायला लागले.

मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “त्या दिवशीची ती बाई ना? मला तेव्हाच वाटलं होतं. फसवलं तिने आपल्याला. तिच्याकडून माल बंद.”

जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात ते खोटं आहे, वहिनी. जीभ सुटी होती. मी नुसतं एवढं म्हणायचं होतं, की ही मासळी तिची नाही, मी बाजारातून आणली आहे. त्यात नातंसुद्धा सांगावं लागत नव्हतं. पण बाजारातून का आणली, हा पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी पातेलं उचलून मोरीकडे गेले.

ज्या बाईने कधी ढगाळ दिवसाची मासळी विकली नाही, ओलसर वाटली तर टोपलीच्या टोपली खत म्हणून टाकून दिली, तिच्या मालाला मी खवट म्हणू दिलं.

नर्सबाईंनी चमचा खाली ठेवला. हात धुतले, पर्स उचलली. मी विचारलं, “निघालात?”

“हो,” त्या म्हणाल्या. “आत्ता वाढलंत ती मासळी डब्यातली नाही, हे मला सांगता येतं. तुम्हाला का येत नाही?”

आणि पुढच्या जिन्याने गेल्या. सगळ्यांसमोर बोलल्या नाहीत, हळू बोलल्या. त्यांनीसुद्धा मला झाकलं. मला सगळे झाकतात आणि मी झाकू देते.

२५ मार्च, मंगळवार

वहिनी,

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले, तरी हे लिहिते आहे. समोर उभी राहून मी निम्मंसुद्धा बोलू शकले नाही.

शनिवारचं तुला अर्धवट सांगितलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी म्हणाले की मागच्या वेळची मासळी मी बाजारातून आणली होती. डबा घेऊन आल्या होत्या त्या माझ्या वहिनी. आणि मी कुठल्याही देशात गेलेले नाही. मला वाटत होतं आभाळ कोसळेल. बँकवाला म्हणाला, “बरं. मग आज काय करायचंय?” नवरा बायकोला म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं, नात्यातल्या वाटतात?” बायको म्हणाली, “तू काहीही म्हटलं नव्हतंस.” आणि त्यांचं सुरू झालं. एवढंच. ज्यांच्यापुढे माझी शान जाईल म्हणून मी तुला मागच्या जिन्याने उतरवलं, त्यांना माझ्या शानीची काही पडलेलीच नव्हती.

मालकीणबाईंना मात्र पडली होती. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघतील. बरोबर आहे त्यांचं. ओळख करून देताना त्यांनी फुगवून सांगितलं, पण हवा मी भरू दिली.

रविवारी सकाळी तुझ्या वाळवणावर आले तेव्हा तू उकिडवी बसून मासळी उलटत होतीस. मला बघून उठली नाहीस, तोंडही फिरवलं नाहीस. मी चटईचं दुसरं टोक धरलं.

“कपडे खराब होतील,” म्हणालीस.

“होऊ देत.”

“वास जात नाही मग.”

मी म्हटलं, “वहिनी, शिव्या दे मला.”

“येतात मला शिव्या,” तू म्हणालीस. “पण तुला देऊन काय? चूक माझीच होती. तशीच कामाच्या कपड्यांनिशी आले. एवढी मोठी माणसं बसलेली. निदान कपडे बदलून, डोक्यावरचं फडकं काढून यायला हवं होतं. वर ‘बारके’ म्हणून हाक मारली. परत येताना बसमध्ये सारखं तेच मनात होतं, पोरीची नोकरी घालवते की काय मी.”

हे ऐकायची माझी तयारी नव्हती, वहिनी. तू चिडली असशील, दुखावली असशील, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणशील, या सगळ्यासाठी मी मन घट्ट करून आले होते. पण तू मला लाजवायच्या ऐवजी स्वतःच लाजत बसली होतीस. तीन आठवडे. माझी लाज तू घरी घेऊन गेलीस आणि आपली म्हणून वापरलीस. ती परत कशी घेऊ? मी “तुझी काही चूक नव्हती, माझी होती” असं किती वेळा म्हणाले. तू दर वेळी “असू दे” म्हणालीस. असू दे म्हणजे पटलं नाही, एवढं मला समजतं. तुझ्याच हाताखाली वाढले आहे.

मग तू विचारलंस, “त्या नवराबायकोचं भांडण मिटलं का?” दारात जेमतेम उभी होतीस, तरी तुझ्या नजरेतून सुटले नव्हते ते. मी हसले. तूही हसलीस थोडी. मला वाटलं चला, झालं. म्हणून लगेच म्हणाले, “घरी येशील माझ्या? राहायला?”

तू चटई झटकलीस. म्हणालीस, “मासळी लागेल तर पाठवीन. धंदा तो धंदा. घरी यायचं बघू.”

‘बघू’चा अर्थही मला समजतो. मी पुन्हा विचारलं नाही. दादाने जेवायला थांब म्हटलं, पण मी तुझा चेहरा बघितला आणि निघाले. त्याला वाटलं माझी बस चुकेल म्हणून गेले. त्याला तू अजूनही काही सांगितलेलं नाहीस. या वेळी मी सांगेन. फोनवर नाही, समोर. ते तुझ्यावर ठेवायचं नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. काल नर्सबाईंच्या घरी गेले होते. खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, बरं केलंत की वाईट केलंत काही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला ती मासळी हवी आहे. जिथे वाळवतात तिथूनच घेईन. पत्ता द्या.” मी दिला. येत्या रविवारी त्या तुझ्याकडे येतील. उंच आहेत, केस बारीक कापलेले, पायात पुरुषांसारखे बूट. चांगल्या आहेत. जन्मभर माणसांना कुठे दुखतंय हे विचारत आल्या, त्यामुळे आडपडदा ठेवत नाहीत. आल्याआल्या विचारतील, “तुम्ही त्यांच्या कोण?”

त्यांना माझ्याकडून सगळं कळलंय, तरी विचारतील. तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग. वहिनी आहे म्हण, किंवा नुसतं “आमच्याकडून माल घेतात” एवढंच म्हण. तू काहीही म्हणालीस तरी मी त्यांना ‘असं नाही’ म्हणून सांगायला जाणार नाही.